वन-बाय गिअर मांडणी (माउंटन बाईक)

माउंटन बाईकच्या क्रँकवर (पायडल जोडलेल्या दांड्यावर) दोन किंवा तीन चेनरिंगांऐवजी (पुढच्या दातेरी चकत्यांऐवजी) एकच चेनरिंग ठेवून गिअर बदलण्याचे सगळे काम मागच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचावर, सोपवण्याची पद्धत. तिचा उल्लेख १×१०, १×११, १×१२ असा करतात. पहिला आकडा पुढच्या चेनरिंगांचा, दुसरा मागच्या चकत्यांचा. या मांडणीत पुढचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), त्याची केबल आणि डाव्या हाताचा शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलण्याची कळ) निघून जातो. नागपुरात गेल्या काही वर्षांत विकल्या जाणाऱ्या मधल्या व वरच्या किमतीच्या माउंटन बाईक बहुधा याच मांडणीत येतात. जुन्या ३×७ व ३×८ सायकली तशा करून घेण्याकडेही कल आहे. हा बदल वरून दिसतो पुढच्या चकतीत, पण त्याचा खरा भार मागच्या भागांवर पडतो.

इतिहास : पुढे एकच चेनरिंग ही मुळात सायकलीची सर्वांत जुनी रचना आहे. १९३७ मध्ये टूर द फ्रान्स स्पर्धेत डिरेलर वापरण्यास परवानगी मिळाली, त्या सुमाराच्या डिरेलर सायकलींनाही पुढे बहुतेक एकच चकती असे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात माउंटन बाईक आकाराला आली. चढासाठी लागणारी लहान चकती तिने लांब पल्ल्याच्या टूरिंग सायकलींकडून घेतली. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या स्पेशलाइज्ड कंपनीच्या ‘स्टम्पजंपर’ला पुढे तीन व मागे पाच चकत्या होत्या. पुढची तीन दशके तीन चेनरिंग हाच प्रघात राहिला. उतारावरच्या शर्यतींतले सायकलस्वार १९९० च्या दशकातही एकच चेनरिंग लावत, पण साखळी उतरू नये म्हणून त्यांना साखळीभोवती गाईड बसवावा लागे.

गाईडशिवाय साखळी जागेवर ठेवणारी चकती, म्हणजे एकाआड एक जाड व बारीक दातांची चेनरिंग, नेमकी कोणाची यावर मात्र वाद आहे. साखळीच्या आतल्या कड्या अरुंद व बाहेरच्या रुंद असतात. सर्व दात सारख्या जाडीचे ठेवायचे तर ते अरुंद कडीत मावतील इतके बारीक करावे लागतात, आणि मग रुंद कडीत ते सैल राहतात. एकाआड एक दात जाड केला की ती मोकळी जागा भरते. अशा चकतीवर दातांची संख्या सम असावी लागते आणि जाड दात नेहमी रुंद कडीतच जावा लागतो. ही कल्पना सायकलीबाहेरही आढळते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या गेल या शेती-अवजारांच्या कंपनीने १९७९ मध्ये जाड-बारीक दातांच्या साखळी-चक्राचे पेटंट मिळवले होते. जपानमध्ये १९८१ च्या सुमारास शिमानो या सायकलीचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या नावावर अशाच दातांच्या सायकल चकतीची नोंद सापडते. त्यामुळे २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने ‘एक्सएक्स-१’ या १×११ संचासोबत ‘एक्स-सिंक’ चकती आणली तेव्हा तिच्यात नवे काय, हा प्रश्न निघणे स्वाभाविकच होते. २०१३ पासून रेस फेस व इतरांनीही अशा चकत्या विकायला सुरुवात केली. स्रॅम आणि फॉक्स फॅक्टरी (रेस फेसची मालक कंपनी) यांच्यात अमेरिकेत पेटंटचा वाद झाला. स्रॅमचा दावा निव्वळ जाड-बारीक दातांचा नव्हता. जाड दाताने, त्याच्या मध्यउंचीवर मोजले असता, रुंद कडीतली किमान ८० टक्के जागा भरावी, या प्रमाणावर त्याचा भर होता. पेटंट मंडळाने हा दावा ग्राह्य धरला होता. २०१९ च्या डिसेंबरमध्ये फेडरल अपील न्यायालयाने मंडळाचा जो निर्णय रद्द करून पुनर्विचारासाठी परत पाठवला, तो मात्र स्रॅमच्या दुसऱ्या एका पेटंटबद्दलचा होता, ज्याच्या दाव्यात ही ८० टक्क्यांची अट नव्हती. बाजारात यश मिळवणाऱ्या चकतीत पेटंटबाहेरची वैशिष्ट्येही होती, तेव्हा ते यश पेटंटच्याच खात्यावर आपोआप जमा करता येत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता.

प्रस्तुत नोंदीपुरते असे म्हणणे अधिक रास्त वाटते, की दातांची कल्पना जुनी असली तरी वन-बाय मांडणीचा आरंभ २०१२ च्या आगेमागेच धरावा. कारण तोवर दुसरे दोन भाग हाताशी आले होते. पहिला म्हणजे मागच्या डिरेलरमधला क्लच. शिमानोने तो ‘शॅडो प्लस’ नावाने २०११ मध्ये आणला, स्रॅमचा त्यानंतर लगेच आला. खडबडीत वाटेवर डिरेलरचा हात पुढेमागे झोके घेतो, खालची साखळी ढिली पडते आणि वरच्या दातांवरून उडते. क्लच तो झोका रोखतो. दुसरा भाग म्हणजे विस्तृत कॅसेट. ‘एक्सएक्स-१’ची कॅसेट १० ते ४२ दातांची होती. स्रॅमची ‘ईगल’ २०१६ मध्ये १०–५० वर आणि शिमानोची एक्सटीआर २०१८ मध्ये १०–५१ वर गेली. २०२० मध्ये शिमानोच्या तुलनेने स्वस्त डिओर संचातही १२ चकत्या आल्या.

गिअरांचा हिशोब : पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागले की गुणोत्तर मिळते. पुढे ४२-३४-२४ आणि मागे ११–३२ असलेल्या जुन्या सायकलीत ते ३.८२ पासून ०.७५ पर्यंत जाते. पुढे ३२ आणि मागे ११–४२ ठेवल्यास २.९१ ते ०.७६. म्हणजे चढाचा गिअर जवळपास तसाच राहतो, जातो तो वरचा वेग. २९ इंची चाकावर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर पहिल्या मांडणीत ताशी सुमारे ४७ किमी आणि दुसरीत सुमारे ३६ किमी वेग मिळतो. २४ गिअर गेले आणि आठ-दहाच उरले ही तक्रार मात्र पोकळ आहे. तीन चकत्यांच्या सायकलीत बऱ्याच जोड्या एकमेकींना झाकतात. ३४ व २१ दातांचे गुणोत्तर १.६२ आणि २४ व १५ चे १.६०, पायाला यात काहीही फरक कळत नाही.

नागपूरचा भूभाग पाहता हा हिशोब थोडा वेगळा लावावा लागतो. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. आहे. पश्चिमेकडे दख्खनच्या बेसॉल्टचा शेवटचा भाग येतो. सेमिनरी हिल्स, फुटाळा, गोरेवाडा या बाजूला मुरमाचे आखूड, कधीकधी तीव्र चढ आहेत. पूर्वेकडे जुन्या स्फटिकी खडकांवरची जमीन बरीचशी सपाट असून मोठा डोंगर रामटेककडे गेल्यावरच भेटतो. सह्याद्रीतल्यासारखे तासभर चालणारे चढ इथे नाहीत. उलट काटोल रोडने किंवा हिंगण्याकडे कच्च्या वाटेपर्यंत पोहोचायलाच डांबरी रस्त्यावर बराच वेळ जातो. त्यामुळे परदेशी मार्गदर्शिकांत सर्रास सुचवलेली ३० दातांची चकती इथे पायाला फार लवकर मोकळी पडते. ११–४२ कॅसेटसोबत ३२, पाय तयार असतील तर ३४, ही निवड इथल्या वापराला जास्त जुळते. वन-बायच्या बाजूने इथला खरा मुद्दा चिखलाचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये काळी माती मागच्या टायरवरून येऊन पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्यात बसते आणि सुकली की तो हलतच नाही. तो भागच नसला की कटकट मिटते.

जुळणी : आधी पाहायचे ते क्रँककडे. स्वस्त सायकलींच्या क्रँकवर तिन्ही चकत्या रिव्हेटने पक्क्या केलेल्या असतात, तिथे पूर्ण क्रँकच बदलावा लागतो. बोल्टने जोडलेल्या चार हातांच्या क्रँकवर, बोल्टवर्तुळाचा व्यास १०४ मिमी असल्यास, ३२ दातांची जाड-बारीक चकती मधल्या जागेवर बसते. जुने बोल्ट दोन चकत्यांच्या जाडीचे असतात. ते आवळल्यासारखे वाटतात, पण तळाला टेकून थांबतात आणि चकती सैलच राहते. मग जोर लावला की क्रँकखालून कुरकुर सुरू होते आणि मिस्त्री बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस फिरतो तो भाग) खोलून छर्रे तपासत बसतो. एका चकतीचे आखूड बोल्ट लावले की आवाज थांबतो.

दुसरी अडचण मागे. सात गिअरांच्या अनेक सायकलींना कॅसेट नसून आट्यांवर चढवलेला १४–२८ चा फ्रीव्हील असतो. त्यावर पुढे फक्त ३२ ठेवली तर सर्वांत हलका गिअर १.१४ आणि सर्वांत जड २.२९. २६ इंची चाकावर ताशी २५ किमीच्या पुढे पाय नुसते फिरतात आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर उतरून ढकलावे लागते. पुढची चकती स्वस्तात बदलता येते म्हणून हा अर्धाच बदल पुष्कळदा केला जातो. त्यापेक्षा तीन चकत्या ठेवलेल्या बऱ्या.

कॅसेटचा हब (चाकाचा मधला भाग) असेल तर डिरेलरची मर्यादा पाहावी. इथे नेहमी गल्लत होते ती एकूण क्षमता (किती दातांच्या फरकाइतकी ढिली साखळी डिरेलर ओढून धरतो) आणि कमाल चकती (त्याला चालणारी मागची सर्वांत मोठी चकती) यांत. ११–४२ साठी, पुढे एकच चेनरिंग असल्याने, क्षमता केवळ ३१ दातांची लागते. जुन्या लांब हाताच्या डिरेलरची ती चाळिशीच्या वर असते. अडते ते कमाल चकतीवर, जी अशा डिरेलरसाठी ३४ किंवा ३६ दातांचीच असते. डिरेलरचे वरचे लहान चाक ४२ च्या दातांना घासते, बी-स्क्रू (डिरेलर चकतीपासून दूर सारणारा स्क्रू) पूर्ण आत फिरवूनही. शिमानोच्या ९ व १० गिअरी माउंटन बाईक संचांत केबल ओढण्याचे प्रमाणही वेगळे आहे, म्हणून ९ चा शिफ्टर व १० चा डिरेलर एकमेकांशी जुळत नाहीत. मायक्रोशिफ्टचे ‘ॲडव्हेंट’ (९ गिअर, ११–४२) व ‘ॲडव्हेंट एक्स’ (१० गिअर, ११–४८) हे संच सगळे भाग एकत्र देत असल्याने जुन्या सायकलींना सोपे पडतात.

साखळीची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न ओवता पुढच्या चकतीवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून घेतात आणि जिथे टोके भेटतात तिथून आतली-बाहेरची अशी कड्यांची एक जोडी जास्त ठेवतात. मागे सस्पेन्शन असेल तर ते दाबून मोजावे लागते, कारण चाक मागे सरकते. चेनलाइन, म्हणजे सीट ट्यूबच्या (फ्रेमच्या सीटखालच्या नळीच्या) मध्यापासून दातांच्या मध्यापर्यंतचे अंतर, तीन चकत्यांच्या क्रँकवर मधल्या चकतीसाठी ४७.५ किंवा ५० मिमी असते. हे अंतर जास्त झाले तर मोठ्या चकतीवर साखळी तिरपी बसते. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडल उलटे फिरवून पाहणे ही साधी परीक्षा आहे. साखळी एक-दोन फेऱ्यांत खालच्या चकतीवर पडली, तर चेनरिंग आत सरकवायला हवी.

निगा : तीन चकत्यांवर वाटले जाणारे काम इथे एकीवर येते. जाड दातांच्या कडा झिजल्या की रुंद कडीतली पकड जाते आणि “भाऊ, चेन उतरून राहिली” म्हणत सायकल पुन्हा दुकानात येते. तेव्हा नुसती साखळी बदलून भागत नाही. उलट साखळी वेळेवर बदलली तर चकती टिकते. ११ व १२ गिअरांच्या साखळीसाठी ०.५ टक्के, आणि ८ ते १० गिअरांसाठी ०.७५ टक्के ताण (झिजून साखळीची वाढलेली लांबी) ही सर्वमान्य मर्यादा आहे. उन्हाळ्यात इथल्या मुरमाची धूळ ओल्या तेलात मिसळून घासपेस्टसारखी वागते, म्हणून मार्च ते जून मेण किंवा कोरडे वंगण आणि पावसाळ्यात जाड तेल वापरतात. साखळी रॉकेलमध्ये धुण्याची दुकानांतली पद्धत चालते, मात्र डिरेलर रॉकेलमध्ये बुडवू नये, क्लचमधले ग्रीस निघून जाते. शिमानोच्या क्लचला चालू-बंद करण्याची कळ असते. चाक काढण्यासाठी ती बंद केल्यावर पुन्हा चालू करायची राहिली, तर पुढच्याच खडबडीत उतारावर साखळी फ्रेमवर आपटू लागते.