अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी प्रवाह खरोखर अभेद्य आहे का?

अंटार्क्टिकाला वळसा घालून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा सागरी प्रवाह ओलांडून बाहेरचे शैवाल तिथे पोहोचूच शकत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ही समजूत चुकीची आहे. 2017 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटाच्या किनाऱ्यावर ‘ड्युर्व्हिलिया अंटार्क्टिका’ या केल्पचे, म्हणजे मोठ्या तपकिरी सागरी शैवालाचे, तुकडे सापडले. नावात अंटार्क्टिका असले तरी ही जात त्या खंडावर वाढत नाही, हे विशेष. तुकड्यांना चिकटलेले बार्नॅकल (तरंगत्या वस्तूंवर वाढणारे कवचधारी सागरी जीव) दीर्घ सागरप्रवासाची साक्ष देत होते, आणि जनुकीय तपासणीत एक तुकडा दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन बेटांचा, तर दुसरा दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटाचा निघाला. केर्गेलेनच्या तुकड्याने किमान 20,000 किलोमीटर अंतर कापले होते. पात्यांतील मधाच्या पोळ्यासारख्या हवेच्या कप्प्यांमुळे हे शैवाल तरंगते, आणि वादळी लाटा पृष्ठभागावरच्या वस्तूंना प्रवाहाच्या सीमेपार ढकलतात. तरंगत्या वस्तूंच्या मार्गाच्या, लाटा न धरता केलेल्या गणितातून नेमके हेच निसटत होते.

प्रवाह सर्वांना जोडतात म्हणून शैवाल सगळीकडे जनुकीयदृष्ट्या एकसारखेच असणार, ही उलट टोकाची समजूतही टिकत नाही. उपअंटार्क्टिक, म्हणजे अंटार्क्टिकाच्या उत्तरेकडील समुद्रातल्या, बेटांवरील या केल्पमध्ये फारसे वैविध्य नाही हे खरे, कारण हिमयुगात समुद्री बर्फाने खरवडून काढलेले किनारे नंतर वाहत आलेल्या मोजक्या वंशांनी व्यापले. न्यूझीलंडमध्ये मात्र भिन्न वंश टिकून आहेत. कारण आधीच शैवालाने भरलेल्या खडकावर नवागताला सहसा जागा मिळत नाही. शिवाय या केल्पमध्ये नर आणि मादी वेगवेगळे असल्याने, एकटा तुकडा किनाऱ्याला लागला म्हणून वसाहत उभी राहत नाही.