तंबोऱ्यातली टिकटिक

रियाजासाठी घरच्या घरी छोटा इलेक्ट्रॉनिक तंबोरा करायचा, म्हणून ईएसपी३२ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपेतला छोटा संगणक, एलएम३८६ ॲम्प्लिफायर आणि ८ ओहमचा स्पीकर ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर, जोडला. पंचम लागला, जोड लागली, खर्ज लागला. आणि सुरांच्या मधून टिकटिक येऊ लागली, सेकंदाला साधारण दहा वेळा.

अशा वेळी लगेच कपॅसिटर बदलत सुटण्याचा मोह होतो. मी म्हणेन, आधी नीट ऐका. नको असलेला आवाज स्वतःच आपलं गाव सांगतो. खालच्या पट्टीतली सलग गुणगुण असेल तर संशय घरातल्या विजेवर घ्यावा: आपली वीज ५० हर्ट्झची, अडॅप्टरच्या रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या भागातून, गेली की तिची लहर १०० हर्ट्झची होते. सर्किट बॅटरीवर चालवून पाहिलं की निकाल लागतो. चिवट, एकसुरी पिपाणी असेल तर पीडब्ल्यूएम, म्हणजे पिन झपाट्याने चालू-बंद करून मधला व्होल्टेज साधण्याची युक्ती, तपासा. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या बहुतेक पीडब्ल्यूएम पिनांवर पल्स मुळात सेकंदाला ४९० वेळा पडतात, म्हणजे थेट कानाच्या टप्प्यात. पल्सचा वेग ठरवणारा टायमर ६२,५०० हर्ट्झवर नेला की कानाला त्यांचा पत्ताच लागत नाही.

माझी टिकटिक वायफायची होती. राउटर सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन, म्हणजे ‘मी इथे आहे’ अशी हाक, पाठवतो. वीज वाचवण्यासाठी मधल्या वेळात झोपलेला ईएसपी३२चा रेडिओ ती हाक ऐकायला जागा होतो आणि तेवढ्यापुरता सुमारे १०० मिलिॲम्पिअर करंट ओढतो. वायफाय बंद केलं, टिकटिक गेली. पण मला फोनवरून पट्टी बदलायची होती, तेव्हा तो उपाय नव्हता.

खरी गोम ग्राउंडमध्ये होती. ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट हे आकृतीत ठीक. प्रत्यक्षात तीही एक तारच. बारीक जम्पर आणि ब्रेडबोर्डची सैल क्लिप मिळून ०.१ ओहम रोध धरा. त्यातून १०० मिलिॲम्पिअर गेले की दोन टोकांत १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. माझ्या जोडणीत ॲम्प्लिफायरचं ग्राउंड त्या तारेच्या एका टोकाला होतं आणि ईएसपी३२चं दुसऱ्या. त्यामुळे हे १० मिलिव्होल्ट ॲम्प्लिफायरला संगीतच वाटले! एलएम३८६ ते २० पट करतो. १ आणि ८ क्रमांकाच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर असेल तर २०० पट, म्हणजे २ व्होल्ट. माझ्याकडे तो होता. गरज नसताना.

तो काढला. मग अडॅप्टरची ऋण तार आणि ॲम्प्लिफायरचं ग्राउंड, दोन्ही ईएसपी३२च्या ग्राउंड पिनवरच सोल्डर केली. जाड, आखूड तारांनी. आता करंट कितीही उसळला तरी दोघांचं शून्य एकच. शिवाय एलएम३८६च्या सातव्या पायापासून ग्राउंडला १० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर दिला, त्यामुळे पुरवठ्यातला चढउतार आवाजात कमी झिरपतो.

टिकटिक थांबली तेव्हा तिच्याखाली दडलेली खरखर ऐकू आली. तार छेडल्यावर सूर विरत जातो, त्या शेपटात. ही मात्र तारांची चूक नव्हती. ईएसपी३२चा अंगचा डीएसी, म्हणजे आकड्यांचं व्होल्टेज करणारा भाग, ८ बिटांचा: ३.३ व्होल्टमध्ये फक्त २५६ पायऱ्या, एकेक सुमारे १३ मिलिव्होल्टची. विरणाऱ्या सुराला उतरायला तेवढ्या बारीक पायऱ्याच नाहीत. आयटूएसवर, म्हणजे ध्वनीचे आकडे एका चिपेतून दुसरीत नेणाऱ्या जोडणीवर, चालणारा वेगळा डीएसी लावला आणि ध्वनी १६ बिटांत, ६५,५३६ पायऱ्यांत पाठवला. आता खर्जाची तार पार शांततेपर्यंत उतरते.