४२९४९६७२९७ (संख्या)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव ही विषम संयुक्त संख्या २ च्या ३२व्या घातात १ मिळवल्याने मिळते. २ चा जो घात घ्यायचा त्याचा घातांकही २ चाच घात असेल, तर त्यात १ मिळवून येणाऱ्या संख्येला फेर्मा संख्या म्हणतात. क्रमांक शून्यापासून मोजत असल्याने ही पाचवी फेर्मा संख्या होय.

तिच्या आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. त्यामुळे फ्रेंच गणितज्ञ प्येर द फेर्मा यांनी १६४० मध्ये, सिद्धता हाती नसतानाही, अशा सर्वच संख्या मूळ असाव्यात असे मत मांडले. गणितज्ञ गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये या विधानाकडे गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांचे लक्ष वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७ असे अवयव दाखवून ते खोडून काढले. हे दोन्ही अवयव मूळ आहेत.

६४१ हा विभाजक शोधायला फार खटाटोप लागत नाही. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकातून १ वजा केल्यास उरणाऱ्या संख्येला ६४ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे १९३, २५७, ४४९ आणि ५७७ यांच्यानंतर पाचव्याच प्रयत्नात ६४१ ची पाळी येते. ज्या प्रमेयावरून हा निकष निघतो ते फेर्मा यांनी १६४० मध्येच पत्राने कळवले होते, हे पाहता त्यांच्या नजरेतून हा विभाजक सुटावा याचे नवल वाटते. पडताळा तर भागाकाराशिवायही घेता येतो. ६४१ = ५ × १२८ + १ असल्याने ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते, आणि चौथा घात घेतल्यावर ६२५ × (२ चा २८वा घात) याची बाकी १ येते. परंतु ६४१ = ६२५ + १६ असल्याने ६२५ च्या जागी −१६ घेता येतात. म्हणजेच २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ ठरते आणि त्यात १ मिळवताच भाग निःशेष जातो.

ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे मांडता येते: ६५५३६ व १ यांचे वर्ग, किंवा ६२२६४ व २०४४९ यांचे वर्ग. मूळ संख्येची अशी मांडणी एकाहून अधिक प्रकारे होऊ शकत नसल्याने, अवयव न शोधताही ती संयुक्त असल्याचे यावरून कळते. उलट २ हा पाया घेऊन केलेली फेर्मा कसोटी (२ च्या त्या संख्येइतक्या घाताला त्याच संख्येने भागल्यास बाकी २ उरते का, हे पाहणारी) तिला मूळ समजून चुकते, म्हणून ती २ या पायाची छद्ममूळ, म्हणजे मूळ भासणारी संयुक्त संख्या आहे.

तिच्याहून २ ने लहान असलेली ४२९४९६७२९५ ही आधीच्या पाच फेर्मा संख्यांचा गुणाकार आहे. गणितज्ञ गाउस यांच्या सिद्धांतानुसार तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी व कंपासाने रचता येतो, मात्र ४२९४९६७२९७ बाजूंचा रचता येत नाही. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सर्व फेर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले असून ६५५३७ नंतरची एकही मूळ फेर्मा संख्या आजवर सापडलेली नाही.