लिफ्ट कोणाची? सयाजीगंजातल्या एका भांडणामागची गोष्ट

ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदी बडोदा शहरात शिरली, तेव्हा आमच्या सयाजीगंजातल्या कॉम्प्लेक्समध्ये पाणी आधी तळघरात आणि तिथून लिफ्टच्या पिटमध्ये, म्हणजे तळाच्या खड्ड्यात गेलं. वॉचमनने वेळेवर डोकं चालवून केबिन तिसऱ्या मजल्यावर नेली आणि मेन स्विच पाडला, म्हणून केबिन वाचली. खाली लोंबणारी केबल, लिमिट स्विच (केबिन हद्दीपलीकडे गेली की तिला थांबवणारा) आणि गव्हर्नरचा, म्हणजे वेगावर नजर ठेवणाऱ्या यंत्राचा, रोप (तारांचा दोर) ताणून धरणारी पुली मात्र चिखलात बुडाली. पाणी ओसरल्यावर खरा पूर आला तो मीटिंगमध्ये. एएमसीच्या, म्हणजे देखभालीच्या वार्षिक कराराच्या कागदानुसार पुराचं नुकसान कंपनीच्या अंगावर नव्हतं, आणि तळमजल्याचे दुकानदार हात झटकून मोकळे झाले: ‘अमे तो लिफ्ट वापरता ज नथी’, आम्ही तर लिफ्ट वापरतच नाही.

बडोद्याला लिफ्ट काही काल-परवा भेटलेली नाही. १८९० साली पुऱ्या झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात महाराज सयाजीरावांनी ज्या आधुनिक सोयी करून घेतल्या, त्यांत लिफ्टही होती. तिथे मालक एक आणि खजिनाही एक, त्यामुळे ऑइलिंगचा खर्च कोणी द्यायचा हा प्रश्नच नव्हता.

पण लिफ्टचा जन्म राजवाड्यातला नाही, बाजारातला आहे. एलिशा ओटिसने १८५४मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंचावरच्या फळीवर उभं राहून वरचा दोर कापायला लावला. फळी किंचित घसरून जागच्या जागी अडकली. तीन वर्षांनी, १८५७मध्ये, त्याच शहरात ब्रॉडवेवर काचसामान आणि चिनीमातीची भांडी विकणाऱ्या एका पाच मजली दुकानात त्याच्या कंपनीने प्रवासी लिफ्ट बसवली. गिऱ्हाइकाला वरच्या मजल्यावर चढवायचं, हाच तिचा उद्देश होता.

दोर तुटून लिफ्ट कोसळते ही भीती आजही सुटलेली नाही, आणि सिनेमावाले ती सुटू देणार नाहीत. प्रत्यक्षात केबिन एकापेक्षा जास्त रोपवर टांगलेली असते. वेग हद्दीबाहेर गेला की गव्हर्नर आपला रोप पकडतो आणि केबिनखालच्या पाचरी गाइड रेलला चावतात. मेकॅनिकची खरी धास्ती ब्रेकची असते. काउंटरवेट, म्हणजे रोपच्या दुसऱ्या टोकाचं तोलाचं वजन, हे केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या चाळीस ते पन्नास टक्के, इतकं जड ठेवतात. त्यामुळे रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सुटला तर ती खाली पडत नाही, वर पळते! हे मला आमच्या मेकॅनिकने मशीन रूममध्ये हँडव्हील फिरवून दाखवलं, तोवर वयाची पन्नाशी गाठूनही मी उलटंच समजत होतो.

कायद्याची वाट बडोद्यात जरा वळणाने आली. मुंबई प्रांताने लिफ्टचा कायदा केला १९३९मध्ये, सयाजीराव गेले त्याच वर्षी. बडोदा तेव्हा वेगळं संस्थान होतं. १ मे १९४९ला ते मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६०मध्ये गुजरातेत आलं. गुजरातने २००० साली लिफ्ट आणि एस्केलेटरचा स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्राने २०१७मध्ये नवा कायदा करताना ‘उद्वाहन’ हा शब्द कायम ठेवला. उद्वाह म्हणजे लग्न, त्यामुळे इथे बडोद्यात तो उच्चारला तर लोक लग्नाची तारीख विचारतील. दोन्हीकडे गाभा तोच: बसवायला परवानगी, चालवायला लायसन्स, वर सरकारी तपासणी. सरकार लायसन्स मालकाकडून मागतं. पण दुकानं-ऑफिसं सुटी सुटी विकून बिल्डर निघून गेला की मालक म्हणजे नेमका कोण, इथे गाडी अडते.

जुन्या कॉम्प्लेक्समध्ये या अडचणीवर पांघरूण घालणारा माणूस होता, लिफ्टमन. जाळीचा दरवाजा नीट लागला की नाही हे तोच बघायचा, आणि आवाज बदलला की मेकॅनिकला तोच निरोप धाडायचा. मशीन रूममध्ये रिले आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप करणारे स्विच, खटखटत असत. कोणता चिकटला हे कानावरून कळे. पगार परवडेना म्हणून लिफ्टमन गेले. जाळी जाऊन आपोआप सरकणारी दारं आली, रिलेच्या जागी इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आले. लिफ्ट मजल्याच्या बरोबरीने अलगद थांबू लागली, पण आता कार्ड गेलं की मूळ कंपनीशिवाय कोणाचं फारसं चालत नाही. माझ्या मते सोसायट्यांचा हात दगडाखाली सापडला तो इथे.

मग करार कोणता घ्यायचा, यावर वाद. काँप्रिहेन्सिव्ह करारात बहुतेक सुटे भाग धरलेले असतात. साध्या एएमसीत फक्त फेऱ्या, ऑइलिंग आणि मजुरी. स्वस्त म्हणून आम्ही दुसरा घेतला होता. वर अठरा टक्के जीएसटी.

पुरानंतर मेकॅनिक केबिनच्या टपावर चढला, तपासणीसाठी लिफ्ट संथ चालवणारा इन्स्पेक्शनचा स्विच टाकून लिफ्ट हळूहळू वर नेत रोपवर फडकं धरून बसला. फडक्यावर लालसर भुकटी आली. ‘काका, ही पुराची नाही. रोप आतून झिजतोय, बरेच महिने झाले असतील.’ फेऱ्यांच्या वहीत दर महिन्याला ‘ओके’ आणि सही होती.

वर्गणी अखेर तळमजल्यानेही भरली. लिफ्ट आणि पाण्याचा पंप एकाच कॉमन मीटरवर आहेत आणि बिल थकलं की पहिली कोरडी पडते ती खालच्या दुकानांची मोरी, हे कोणीतरी मीटिंगमध्ये सहज बोलून गेलं.