डाएट चार्टवाला ट्रेनर आणि खेळाडूंचा आहारतज्ज्ञ

सोलापुरात जिम लावली की पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर डाएट चार्ट येऊन पडतो. सहा अंड्यांचा पांढरा भाग, ओट्स, ब्रोकोली, दोन स्कूप व्हे प्रोटीन पावडर. (ब्रोकोलीसाठी लक्ष्मी मंडईत रोज चक्कर मारणं हाच निम्मा व्यायाम.) तोच चार्ट पोट सुटलेल्या बँकेतल्या काकांना जातो आणि पार्क स्टेडियमवर खो-खो खेळणाऱ्या पोरीलाही. ट्रेनरला कमी लेखायचं कारण नाही. स्क्वॉट मारताना गुडघा कुठे चुकतोय हे त्याला जास्त कळतं. खाण्याचं शास्त्र मात्र वेगळं शिकावं लागतं.

‘न्यूट्रिशनिस्ट’ अशी पाटी छोटासा ऑनलाइन कोर्स करूनही लागते. आहारतज्ज्ञाकडे आहारशास्त्राची पदवी आणि रुग्णालयातला अनुभव असतो. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा पास केली असेल तर नावापुढे आर.डी. (रजिस्टर्ड डाएटिशियन) लागतं. त्यावर क्रीडापोषणाचा अभ्यास वेगळा. हे सगळं थेट विचारावं, संकोचू नये.

खरा फरक पहिल्या भेटीत कळतो. ट्रेनर चार्ट देतो, आहारतज्ज्ञ आधी प्रश्न विचारतो. सराव किती वाजता? कॉलेजला डब्यात काय? जेवणावर लगेच चहा घेतेस का? पाळी नियमित येते का? या शेवटच्या प्रश्नावर सोबत आलेली आई दचकते. पण मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर काटकसर करतं, आणि मुलींमध्ये त्याचा फटका पाळीला आणि हाडांना बसतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये याला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. पुरुष खेळाडूही यातून सुटत नाहीत. चहाचं म्हणाल तर त्यामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणीही सांगितली जाते.

दुसरा फरक घामाचा. मे महिन्यात इथे पारा 42 च्या पुढे जातो. ट्रेनर म्हणतो, ‘पाणी भरपूर पी.’ आहारतज्ज्ञ सरावाआधी आणि नंतर वजन करायला लावतो. 50 किलोची मुलगी एक किलोने उतरली तर साधारण एक लिटर पाणी गेलं, म्हणजे वजनाच्या 2 टक्के. याहून जास्त गेलं की उन्हात दम लवकर तुटतो. मग किती प्यायचं, मीठ किती, हे तिच्या आकड्यावर ठरतं.

आणि तो ताटातली भाकरी काढून घेत नाही. कसून सराव करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे रोज साधारण 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे या मुलीला 70 ते 100. शेंगाची चटणी आहे की, असं आपल्याला वाटतं. पण 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि चटणी आपण खातो दोन चमचे. भर घालायची ती उसळ, दही, दूध, अंडी यांनी. सामन्याच्या दिवशी मात्र कडक भाकरी आणि तेल घातलेली चटणी दोन-तीन तास आधी नको, पोटात जड पडते. तेव्हा वरण-भात बरा, मैदानावर जायच्या आधी केळं.

पावडरच्या डब्यांच्या बाबतीत मी ट्रेनरवर सहसा विश्वास ठेवत नाही, कारण बऱ्याचदा विकणारा तोच असतो. उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर जबाबदार खेळाडूच. ‘सरांनी दिलं होतं’ म्हणून सुटका होत नाही. आहारतज्ज्ञ सप्लिमेंटकडे शेवटी वळतो, आणि त्यात बंदी असलेलं काही नाही ना, हे बॅचवार तपासलेलं आहे का ते पाहतो.

चार किलो उतरवायचेत आणि आजार काही नाही, तर ट्रेनरचा साधा सल्ला पुरतो. जिल्हा-राज्य पातळीवर खेळणाऱ्याने, किंवा सारखी दुखापत होणाऱ्याने, आहारतज्ज्ञाची फी द्यावी. जाताना तीन दिवसांत जे जे खाल्लं ते चहा-बिस्किटासकट लिहून न्यावं, रक्ताचे जुने रिपोर्ट घ्यावेत, आणि पावडरचा डबाही पिशवीत टाकावा.