नेब्रास्का १९९४: तेरापैकी तेरा विजय आणि कधीच न झालेला सामना

अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा १९९४ चा हंगाम संपला तेव्हा वरच्या विभागात दोन संघांनी आपले सगळे सामने जिंकलेले होते. नेब्रास्का १३-०, पेन स्टेट १२-०. टेक्सस ए अँड एमही हरला नव्हता. पण त्याच्या खात्यात एक बरोबरी होती आणि शिस्तभंगाच्या कारवाईमुळे त्याला बोल सामना, म्हणजे हंगामाअखेरचा निमंत्रितांचा सामना, खेळता येणार नव्हता, त्यामुळे त्याचा विचार झाला नाही. पत्रकार आणि प्रशिक्षक या दोन्ही मतदानांत नेब्रास्का पहिला आला. पेन स्टेटवर अन्याय झाला, हे म्हणणे आजही ऐकू येते. त्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते बहुधा चुकीच्या सामन्याकडे बोट दाखवून मांडले जाते.

रणजी करंडकाचा निकाल अंतिम सामन्यात लागतो. या खेळाच्या वरच्या विभागात मात्र तेव्हा अंतिम सामनाच नव्हता आणि देशपातळीवरची नियामक संस्था विजेता जाहीर करत नसे. पत्रकारांची क्रमवारी १९३६ पासून आणि प्रशिक्षकांची १९५० पासून सुरू होती. बरीच वर्षे शेवटचे मतदान बोल सामन्यांच्या आधीच उरकले जाई. पत्रकारांनी ते १९६८ पासून कायमचे नंतर घ्यायला सुरुवात केली, प्रशिक्षकांनी १९७४ पासून. १९७३ मध्ये अलाबामा प्रशिक्षकांच्या मतदानात विजेता ठरला आणि मग शुगर बोलमध्ये नोत्र दामकडून २३-२४ असा हरला. त्यानंतर हा बदल टाळणे शक्य नव्हते. मोजणीची पद्धत सोपी होती. प्रत्येक मतदार २५ संघ क्रमाने लिहितो, पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे करत पंचविसाव्याला १. त्याने किती सामने पाहिले, हे कोणी विचारत नाही.

नेब्रास्काच्या बाजूने पाहिले तर १९९४ ची सुरुवात दहा वर्षे आधी होते. २ जानेवारी १९८४ ला ऑरेंज बोलमध्ये, मायामीच्या घरच्या मैदानावर, नेब्रास्का १२-० आणि पहिल्या क्रमांकावर होता. शेवटच्या मिनिटात टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणे, सहा गुण) झाल्यावर धावफलक ३०-३१. किक मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती आणि विजेतेपद जवळपास नक्की होते. नेब्रास्काच्या प्रशिक्षकांनी जिंकण्यासाठी किकऐवजी चेंडू पुन्हा गोलरेषेपार नेण्याचा, दोन गुणांचा प्रयत्न केला. पास हाताला लागून खाली पडला आणि सामना गेला. तो निर्णय योग्यच होता. बरोबरी पत्करून मिळवलेला पहिला क्रमांक पुढे कोणी मनापासून मानला नसता.

त्यानंतर १९८८ ते १९९४ या काळात नेब्रास्का सलग सात बोल सामने हरला, त्यांतले सहा फ्लोरिडातल्या संघांकडून. कारण तांत्रिक होते. समोर वेगवान पासिंग करणारे संघ आणि नेब्रास्काचा बचाव मात्र धावणारा खेळ अडवण्यासाठी बांधलेला, पुढे पाच जण उभे करणारा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संघ ४-३ रचनेकडे (पुढे चार जण, त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर) वळला. आकाराने थोडे लहान पण चपळ खेळाडू एकेक ओळ पुढे आणले गेले: सेफ्टीच्या, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूच्या, बांध्याचा मुलगा लाइनबॅकर झाला, लाइनबॅकरच्या बांध्याचा डिफेन्सिव्ह एंड (पुढच्या ओळीच्या टोकाचा). १ जानेवारी १९९४ ला ऑरेंज बोलमध्ये फ्लोरिडा स्टेटकडून झालेला १६-१८ पराभव याच बदलाची चाचणी होती. सतरा गुणांनी हरेल असा अंदाज बांधला गेलेला संघ १ मिनिट १६ सेकंद उरले असताना एका गुणाने पुढे होता. मग फ्लोरिडा स्टेटने फील्ड गोल (किकने तीन गुण) मारला आणि शेवटच्या क्षणी नेब्रास्काची ४५ यार्डांची किक डावीकडून बाहेर गेली. पुढच्या उन्हाळ्याच्या सरावात लिंकनमधल्या नेब्रास्काच्या स्टेडियमचा धावफलक १:१६ वर लावून ठेवला होता.

१९९४ चा आक्रमक खेळ ऑप्शनवर उभा होता, आणि ऑप्शन क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, पायांवर. चेंडू हातात आला की तो, दोन्ही संघ समोरासमोर उभे असतात त्या रेषेला समांतर धावतो. बचावाच्या टोकाच्या एका खेळाडूला मुद्दाम कोणीच अडवत नाही. तो क्वार्टरबॅकवर धावून आला की चेंडू बाहेरून साथ देणाऱ्या आय-बॅककडे (मागच्या धावपटूकडे) पिच करायचा, म्हणजे बाजूला फेकायचा. तो आय-बॅककडे सरकला की क्वार्टरबॅकने स्वतः आत वळून पुढे निघायचे. एक माणूस न अडवता बाद होतो, म्हणून दुसरीकडे एक जास्तीचा ब्लॉकर (अडवणारा) मिळतो. चुका दोन ठिकाणी होतात. पिच लवकर सुटला तर टोकाचा खेळाडू वळून आय-बॅकला गाठतो. उशीर झाला तर क्वार्टरबॅकला धक्का बसतो आणि चेंडू जमिनीवर पडतो. ओल्या चेंडूने दुसरी चूक वाढते. या खेळाला लागणारी भिंतही त्या वर्षी तयार होती: आक्रमक रेषेतल्या पाचांपैकी चौघे शेवटच्या वर्षाला होते.

घोळ झाला तो क्वार्टरबॅकचा. चार सामन्यांनंतर पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकच्या उजव्या गुडघ्यामागे रक्ताच्या गुठळ्या सापडल्या. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना अंगाला अंग भिडणारा खेळ खेळणे अशक्यच होते. दुसरा उंच, पासिंगमध्ये सरस. वायोमिंगविरुद्ध (४२-३२) त्याच्या एका फुप्फुसातली हवा अंशतः निघून गेली आणि ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध तेच पुन्हा घडले. म्हणून कॅन्सस स्टेटच्या मैदानावर, ओल्या हवेत, सुरुवात केली ती शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेल्या तिसऱ्याने. अशा वेळी समोरचा संघ पास येणार नाही असे धरून जास्तीत जास्त माणसे रेषेजवळ आणतो. नेब्रास्काने मग जोखमीचे पिच कमी केले, चेंडू हातोहात आय-बॅकला दिला आणि बाकीचे बचावावर सोपवले. १७-६. पहिल्या क्रमांकाचा दावा टिकला तो माझ्या मते याच सामन्यात. धावफलक मात्र फिका दिसतो, त्यामुळे मतदारांच्या लक्षात तो फारसा राहिला नाही.

आता वादाचा आठवडा. पेन स्टेटने १५ ऑक्टोबरला मिशिगनला ३१-२४ असे त्यांच्याच मैदानावर हरवले आणि तो पहिल्या क्रमांकावर आला. २९ ऑक्टोबरला त्याने ओहायो स्टेटला ६३-१४ असे धुतले. त्याच दिवशी तिसऱ्या क्रमांकाच्या नेब्रास्काने लिंकनमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या, तोवर न हरलेल्या कोलोरॅडोला २४-७ असे हरवले. पत्रकारांनी नेब्रास्काला वर नेले आणि ६३ गुण करणारा पेन स्टेट खाली आला. प्रशिक्षकांच्या मतदानात तो अजून पहिलाच होता. ५ नोव्हेंबरला इंडियानाविरुद्ध पेन स्टेट ३५-१४ असा पुढे असताना राखीव खेळाडू मैदानात आले. शेवटच्या काही मिनिटांत इंडियानाने १५ गुण केले. त्यांतला शेवटचा टचडाउन वेळ संपता संपता झाला आणि वर दोन गुणांचा प्रयत्नही साधला. अंतिम आकडा ३५-२९. सामना न पाहिलेल्या मतदाराला तो अटीतटीचा वाटला आणि प्रशिक्षकांनीही पेन स्टेटला दुसरा केला.

म्हणून 'इंडियानाने पेन स्टेटचे विजेतेपद घालवले' हे वाक्य अर्धेच खरे आहे. पत्रकारांचे मत त्याच्या आठवडाभर आधीच फिरले होते, आणि ते फिरण्याचे कारण कोलोरॅडो. दुसऱ्या क्रमांकाच्या अपराजित संघाला सतरा गुणांनी हरवणे हे कोणत्याही ६३ गुणांपेक्षा भक्कम प्रमाण होते, हे पत्रकारांनी बरोबर ओळखले. इंडियानाच्या निकालावरून प्रशिक्षकांनी घेतलेला निर्णय मात्र समर्थनीय नव्हता. राखीव खेळाडूंना संधी दिल्याची ती शिक्षा होती, आणि समोरच्याला चिरडत राहा असा संदेशही.

दोन्ही संघांचे बोलपूर्व आकडे शेजारी ठेवले की मतभेदाचे मूळ दिसते. पेन स्टेट: ११ सामने, ५२६ गुण केले, २३२ दिले. म्हणजे सामन्यामागे सुमारे ४७.८ आणि २१.१. नेब्रास्का: १२ सामने, ४३५ केले, १४५ दिले, म्हणजे ३६.३ आणि १२.१. सरासरी फरक पेन स्टेटचा २६.७, नेब्रास्काचा २४.२. आक्रमणाला मान देणारा पेन स्टेटकडे झुकतो, आणि काही संगणकीय क्रमवाऱ्यांनी त्यालाच पहिले ठेवलेही. तीन क्वार्टरबॅक बदलूनही सामन्यामागे बाराच गुण देणाऱ्या संघाचे वजन मला जास्त वाटते.

खरा अडथळा करारांचा होता. १९९२ पासून काही बोल आणि कॉन्फरन्सेसनी (संघांच्या गटांनी) पहिल्या दोन संघांना समोरासमोर आणण्यासाठी एक व्यवस्था केली होती, पण रोझ बोल तिच्यात नव्हता. त्याचा करार बिग टेन आणि पॅक-१० या कॉन्फरन्सेसच्या विजेत्यांशी. पेन स्टेट १९९३ मध्येच बिग टेनमध्ये खेळू लागला होता आणि दुसऱ्याच वर्षी विजेता झाला. म्हणजे तो पूर्वीसारखा स्वतंत्र असता तर नेब्रास्काशी सामना बहुधा झाला असता. तसे न होता तो पॅसाडेनाला, रोझ बोलमध्ये, ओरेगॉनविरुद्ध गेला आणि बिग एटचा विजेता म्हणून ऑरेंज बोलला बांधलेल्या नेब्रास्काला तिसऱ्या क्रमांकाचा मायामी मिळाला, तोही मायामीच्याच मैदानात.

१ जानेवारी १९९५ चा तो सामना ऑप्शनमुळे जिंकला गेला, पण ऑप्शन खेळून नाही. मायामी आधी १०-०, मग १७-७ असा पुढे होता. एका सेफ्टीमुळे (समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडल्याचे दोन गुण) १७-९ झाले. गुठळ्यांतून बरा झालेला क्वार्टरबॅक सुरुवातीला खेळून बाहेर बसला होता, तो चौथ्या सत्रात परत आला. मायामीचे लाइनबॅकर सामनाभर ऑप्शनच्या दिशेने बाहेर धावत होते आणि टॅकल (पुढच्या ओळीतले मधले बचावपटू) वेगाने आत घुसत होते. त्यावर उतारा म्हणजे ट्रॅप. घुसणाऱ्या टॅकलला समोरून कोणीच अडवायचे नाही, त्याला आत येऊ द्यायचे. दुसऱ्या बाजूचा गार्ड (आक्रमक रेषेतला अडवणारा) रेषेमागून धावत येऊन त्याला कुशीतून धडक देतो आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेतून चेंडू घेतलेला फुलबॅक सरळ निघतो. लाइनबॅकर बाहेर गेलेले असल्याने पुढे कोणी नसते. फुलबॅकने एकदा १५ यार्डांवरून आणि नंतर, २ मिनिटे ४६ सेकंद उरले असताना, १४ यार्डांवरून टचडाउन केला. पहिल्यानंतर दोन गुणांचा पास झेलला गेला आणि १७-१७ झाले, अकरा वर्षांपूर्वी पास पडला होता त्याच मैदानावर. शेवट २४-१७.

दुसऱ्या दिवशी पेन स्टेटने ओरेगॉनला ३८-२० असे हरवले. त्यांच्या धावपटूने संघाच्या पहिल्याच खेळात ८३ यार्डांचा टचडाउन केला. मते हलली नाहीत. पत्रकारांची पहिल्या क्रमांकाची मते नेब्रास्काला ५१½ आणि पेन स्टेटला १०½, प्रशिक्षकांची ५४ आणि ८. एकवीस हंगाम राष्ट्रीय विजेतेपदाविना काढलेल्या नेब्रास्काच्या प्रशिक्षकांबद्दलच्या आपुलकीने हे झाले, असा आरोप तेव्हाही झाला. पण नेब्रास्काने तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या घरात हरवले होते आणि ओरेगॉन त्या तोलाचा नव्हता. एवढा मोठा फरक आपुलकीने पडत नाही.

त्यानंतरचा इतिहास याच गाठीभोवती फिरतो. १९९५ मध्ये नेब्रास्का पुन्हा अपराजित राहिला आणि फिएस्टा बोलमध्ये फ्लोरिडाला ६२-२४ असे हरवल्यावर वादाला जागाच उरली नाही. १९९७ मध्ये मात्र उलट घडले. या वेळी रोझ बोलमध्ये अडकलेला अपराजित संघ मिशिगन होता. पत्रकारांनी त्याला निवडले आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला, १५२० विरुद्ध १५१६ अशा चार गुणांच्या फरकाने. १९९८ पासून रोझ बोलही नव्या व्यवस्थेत आला आणि मतदानाला संगणकाची जोड मिळाली. तरी २००४ मध्ये ऑबर्न १२-० असूनही अंतिम सामन्याबाहेर राहिला. २०१४ पासून चार संघांची बाद फेरी आणि एक निवड समिती आली. डिसेंबर २०२३ मध्ये या समितीने १३-० असलेल्या फ्लोरिडा स्टेटला वगळले, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जखमी झाला होता. हाच निकष लावला असता तर १९९४ च्या ऑक्टोबरमध्येच नेब्रास्का बाद ठरला असता. जिंकलेला सामना कोणाच्या हातून जिंकला हे पाहायचे, की जिंकला एवढेच, याचे ठरलेले उत्तर अजूनही नाही. २०२४ पासून बारा संघ घेतल्याने अपराजित संघ वगळला जाण्याची शक्यता बरीच कमी झाली आहे.

पेन स्टेट स्वतःच्या राष्ट्रीय विजेतेपदांत १९८२ आणि १९८६ एवढीच धरतो, १९९४ नाही. २०११ मध्ये नेब्रास्काही बिग टेनमध्ये दाखल झाला. दोन्ही संघ एकाच कॉन्फरन्सचे झाल्यावर त्यांची पहिली गाठ १२ नोव्हेंबर २०११ ला पेन स्टेटच्या मैदानावर पडली आणि नेब्रास्काने ती १७-१४ अशी जिंकली.