सातशे घोडे आणि आंबोलीचं वळण

गेल्या गणपतीत सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी एका चाकरमान्याची नवीकोरी बीएमडब्ल्यू एम५ उभी होती. भोवती पोरांचा गराडा. शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी मात्र बॉनेटकडे पाहिलंच नाही. ते उकिडवे बसून गाडीच्या खाली डोकावले आणि म्हणाले, "गाडी बरी आसा, पण पोटात लागतली."

मला ही गाडी मनापासून आवडते. पाच माणसं आणि त्यांचं सामान मावेल अशी, तरी साडेतीन सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठणारी सेडान बनवणं ही अभियांत्रिकीतली मोठीच कामगिरी आहे. तरीही तिच्या आकड्यांकडे नीट पाहिलं की एक गंमत दिसते. २०१७ साली आलेल्या एम५ची ताकद होती ६०० अश्वशक्ती, वजन सुमारे १८५५ किलो. २०२४ साली आलेल्या पिढीत व्ही-८ इंजिनाला विजेच्या मोटरची जोड मिळाली आणि ताकद ७२७ अश्वशक्तीवर गेली. पण बॅटरी आणि मोटरसकट वजन झालं २४३५ किलो. जवळजवळ सहा क्विंटलची भर! परिणाम असा, की सव्वाशे घोडे जास्त असूनही नवी गाडी शंभरचा वेग गाठायला जुनीपेक्षा किंचित जास्तच वेळ घेते.

आता ही गाडी आंबोली घाटात नेऊ. चढ दर १०० मीटरला ६ मीटर धरला आणि वेग ताशी ४० किलोमीटर, तर वजन वर ओढायला, टायरचा विरोध आणि हवेचा अडथळा मोडायला मिळून साधारण २७ अश्वशक्ती लागते. बाकीचे सातशे घोडे तबेल्यातच उभे राहतात. एखादा ट्रक ओलांडायचा असेल तर त्यातले काही क्षणभर बाहेर येतात, आणि त्या क्षणी ते फार उपयोगी असतात. समोरच्या लेनमध्ये जितका कमी वेळ, तितकं बरं.

वळणावर तर घोड्यांना प्रवेशच नाही. वळताना गाडीला आत ओढून धरतं ते टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण. गाडी जड असेल तर तिला वळवायला जास्त बल लागतं, पण रस्त्यावर तिचा दाबही तेवढाच जास्त असतो. म्हणून गणितात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटून जातं. उरतं ते घर्षण, गुरुत्वाकर्षण आणि वळणाची त्रिज्या. १५ मीटर त्रिज्येचं घट्ट वळण, ओला रस्ता, घर्षणाचा गुणांक (म्हणजे पकडीचं माप) ०.५: कमाल वेग येतो ताशी ३१ किलोमीटर. हे उत्तर दोन कोटींच्या गाडीला लागू आहे आणि आपल्या लाल परीलाही. फरक मर्यादेच्या जवळ गेल्यावर कळतो. एसटी उंच असल्यामुळे कलते, तर एम५चा गुरुत्वमध्य खाली असल्याने ती सपाट राहते. चारही चाकांना ताकद पोचते, एखादं चाक घसरू लागलं की ती ताकद लगेच दुसरीकडे वळवली जाते आणि मागची चाकंही थोडी वळत असल्यामुळे लांबलचक गाडी आखूड गाडीसारखी फिरते. माझ्या मते हिचं खरं मोठेपण इथे आहे, ताकदीच्या आकड्यात नाही.

टायरचा हिशेब मात्र कोकणात दोन्हीकडून कापतो. मागचे टायर २९५ मिलिमीटर रुंद. साध्या डिझायरचे १६५. कोरड्या रस्त्यावर ही रुंदी वरदान असते. पण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते वेळेत सरलं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टीअरिंग हातातून गेल्यासारखं होतं. त्यातून टायरची कड अवघी १०३ मिलिमीटर उंच, डिझायरची १३२. म्हणजे खड्ड्याचा दणका झेलायला रबर कमी आणि रिम जवळ.

आणि पोट? पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटर. खालची मोकळी जागा समजा १३० मिलिमीटर असली, तर गाडी जेमतेम १० अंशांचा उंचवटा पोट न घासता ओलांडते. छोट्या सेडानला हाच कोन १५ अंशांच्या आसपास मिळतो. गावात शिरताना लोकांनी हौसेनं घातलेले गतिरोधक आणि अंगणाकडे उतरणारी जांभ्याची पाखाडी आठवा. काकांचं निदान भूमितीला धरूनच होतं.

उतारावर मात्र त्या जड बॅटरीबद्दल माझं मत बदललं. आंबोलीहून खाली येताना गाडी सुमारे ६०० मीटर उतरते. २४३५ किलोची त्या उंचीवरची ऊर्जा भरते १४३ लाख ज्यूल, म्हणजे महावितरणच्या बिलातली चार युनिटं. वेगळ्या मापात सांगायचं तर ताशी १०० किलोमीटरवरून १५ वेळा गाडी पूर्ण थांबवण्याएवढी. टायर आणि हवा त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा वाटा खातात. जुन्या एम५मध्ये उरलेली ऊर्जा इंजिनाच्या विरोधात आणि ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जायची. घाट उतरल्यावर येणारा तो जळका वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नव्या गाडीत मोटरच जनित्र होते, चाकांना मागे ओढून धरते आणि दोन युनिटांच्या आसपास ऊर्जेतला बराचसा भाग बॅटरीत परत टाकते. चढताना भारी पडलेलं वजन उतरताना ब्रेक थंड ठेवतं.

याला किनाऱ्यावर एक उलटी बाजू आहे. ब्रेक कमी वापरले गेले की ओतीव लोखंडाच्या डिस्कवर गंज बसतो. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात मिठातलं क्लोराइड गंजण्याचा वेग आणखी वाढवतं. रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. कार्बन सिरॅमिक डिस्कला हा त्रास नाही, पण त्यांचे पैसे वेगळे मोजावे लागतात. साध्या डिस्क असतील तर मोकळा रस्ता बघून, मागे कोणी नाही ना हे पाहून, अधूनमधून ब्रेक जरा जोरात दाबावेत.

त्या चाकरमान्याला मी एवढंच सांगितलं: आंबोलीत मुक्काम केलात तर रात्री चार्जिंग पूर्ण करू नका. साडेअठरा युनिटांची बॅटरी आहे, तिला ८५ टक्क्यांवर थांबवा. गच्च भरलेल्या बॅटरीला घाटाची ऊर्जा ठेवायला जागाच उरत नाही, आणि मग ते सगळे ज्यूल पुन्हा डिस्कवर येतात.